सैन्य उभे राहते तेव्हा

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दर वर्षी १७ सप्टेंबरला या शहरात ध्वजवंदन होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांचे स्मरण होते. ते व्हायलाच हवे. पण या दिवसाच्या पाठीमागे एक प्रश्न उभा आहे आणि त्याची चर्चा सभासमारंभांत फारशी होत नाही. भारताची सेना १३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राज्यात शिरली आणि पाच दिवसांत कार्यभाग उरकला. मग त्यापूर्वीचे तेरा महिने काय चालले होते? संस्थान चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले होते. निजामाला समुद्र नव्हता, मित्र दूर होते, सैन्य तोकडे होते. तरीही तो वाकला नाही. याउलट याच भूमीत, इथून पश्चिमेला वैजापूर तालुक्यातील पालखेड येथे, १७२८ साली त्याच घराण्याच्या मूळपुरुषाला पहिल्या बाजीरावांनी एकही मोठी समोरासमोरची लढाई न देता गुडघ्यावर आणले होते. घराणे तेच आणि भूमीही तीच. मग एकदा सैन्य नुसते उभे राहिले तरी पुरले आणि दुसऱ्यांदा का पुरले नाही, हा आजचा विषय आहे.

युद्ध आणि शांतता या दोनच अवस्था असतात, असे मानण्याची आधुनिक माणसाला सवय लागली आहे. आपल्या पूर्वजांना ती नव्हती. कौटिल्याने राजनीतीचे सहा गुण सांगितले: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. यांतला विग्रह म्हणजे वैर, उघड संघर्ष. पण आसन आणि यान ही दोन पदे त्याने विग्रहाहून वेगळी ठेवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आसन म्हणजे संधी न साधता योग्य वेळेची वाट पाहत स्थिर बसणे. यान म्हणजे सामर्थ्य वाढवून चाल करून जाण्याच्या स्थितीत येणे. चाल केली म्हणजे लढाई झालीच, असे नाही. रामायणातही रावणवधाच्या आधी सुवेल पर्वतावर वानरसेनेचा तळ पडतो आणि मग अंगद शिष्टाईला जातो. सेनेचा तळ पाठीशी असल्याने त्याच्या शब्दांना वजन आहे, आणि सीता परत करण्याचा मार्ग रावणाला अजून मोकळा आहे. रावण ऐकत नाही, हा त्याचा दोष. परंतु आधी तळ, मग निरोप, आणि निरोपही स्पष्ट व एकच, हा क्रम आपल्या घराघरांत आजीच्या तोंडून ऐकलेला आहे. त्याला राजनीती म्हणतात, एवढेच आपण विसरलो.

आता पालखेड. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. शाहू महाराजांच्या राज्याचा आर्थिक पाया त्यांवर उभा होता. निजाम-उल्-मुल्काने १७२४ नंतर दख्खनमध्ये स्वतंत्रपणे जम बसवला आणि या वसुलीला आडकाठी केली. त्याने शोधलेली सबब मोठी चतुर होती. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यातील खरा छत्रपती कोण हे ठरत नाही, तोवर पैसा द्यायचा कोणाला, असा त्याचा प्रश्न. मराठ्यांच्या घरातल्या भांडणाचा त्याने न्यायाधीश व्हायचे ठरवले. ही चाल यशस्वी झाली असती तर छत्रपतींचे पद निजामाच्या मर्जीवर टांगले गेले असते. पणाला लागले होते ते हे. चौथाईच्या रुपयांचा हिशेब त्यापुढे किरकोळ होता.

१७२७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस बाजीराव बाहेर पडले. जालन्याच्या आसपासचा निजामाचा मुलूख त्यांनी तुडवला, वऱ्हाडाकडे वळले, मग खानदेशातून थेट गुजरातेत उतरले. निजाम आधी मागे धावला, दमला, आणि मग त्याने पुण्याकडे मोर्चा वळवला. पुणे त्याच्या हाती पडले. तेथे संभाजी महाराजांना त्याने छत्रपती म्हणून मिरवले. सामान्य सेनापती असता तर पुण्याच्या रक्षणासाठी धावत आला असता आणि निजामाच्या तोफखान्यापुढे सापडला असता. बाजीराव पुण्याकडे आलेच नाहीत. ते गुजरातेतून खानदेशमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात उतरले आणि निजामाच्या स्वतःच्या घरावर, म्हणजे गंगापूर, वैजापूर आणि या शहराच्या परिसरावर घोंगावू लागले. आता धावण्याची पाळी निजामाची होती. वेगाने यायचे म्हणून त्याने जड तोफा मागे ठेवल्या. ज्या हत्याराच्या भरवशावर तो बलवान होता, तेच हत्यार त्याने आपण होऊन खाली ठेवले. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडजवळ मराठी घोडदळाने त्याला चहूकडून वेढले. दाणा बंद झाला, वैरण बंद झाली, पाणी बंद झाले.

येथे बाजीरावांनी जे केले नाही, ते अधिक महत्त्वाचे आहे. तहानलेल्या छावणीवर तुटून पडण्याचा मोह कोणत्याही तरुण सेनापतीला झाला असता. बाजीराव तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी वाट पाहिली. निजामाकडून बोलणी आली तेव्हा त्याला गोदावरीच्या काठी, पैठणजवळच्या मुंगी-शेवगावकडे सरकू दिले आणि ६ मार्च १७२८ रोजी तेथे तह झाला. शाहू महाराज हेच छत्रपती, हे निजामाने मान्य केले. चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला, वसुलीचे अंमलदार पुन्हा बसू दिले, आणि संभाजी महाराजांची पाठराखण सोडली. मागितले तेवढेच मिळवले. निजामाचे राज्य मागितले नाही, त्याची मान मागितली नाही.

पालखेडची मोहीम रक्तहीन होती, असे कोणी समजू नये. चकमकी झाल्या, गावे जळाली, आणि ज्यांची जळाली ती याच भागातली कुणबी-माळ्यांची गावे होती. इतिहासाची गोडवे गाणारी भाषणे हा भाग गाळतात. परंतु दोन मोठी सैन्ये एकमेकांना भिडून हजारोंचा संहार होण्याचा जो प्रसंग होता, तो टळला आणि राजकीय उद्दिष्ट पूर्ण झाले. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी युद्धेतिहासावरील आपल्या ग्रंथात या मोहिमेची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे. आपल्याकडील कित्येकांना पालखेड ठाऊक झाले ते त्यानंतर. साहेबाने शिफारस केल्यावाचून घरचे सोनेही आपल्याला सोने वाटत नाही!

दहा वर्षांनी भोपाळला बाजीरावांनी त्याच निजामाला पुन्हा तसेच कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईचा तह लिहून घेतला. पुन्हा कोंडावे लागले, यातच एक गोष्ट दिसते. धाकाने मिळवलेले फार काळ टिकत नाही, त्याला पुन्हा पुन्हा पाणी द्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतर याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रसंग म्हणजे जुनागढ. तेथील नवाबाने ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानात विलीन होण्याचे जाहीर केले आणि सप्टेंबरमध्ये पाकिस्तानने ते स्वीकारले. सरदार पटेलांनी काठेवाडात सैन्य आणून उभे केले, पण जुनागढच्या वेशीत घातले नाही. शेजारच्या संस्थानांना धीर आला. मुंबईत शामळदास गांधींच्या नेतृत्वाखाली आरझी हुकूमत स्थापन झाली. १ नोव्हेंबरला मांगरोळ आणि बाबरियावाड येथे भारतीय फौजा शिरल्या. तोवर नवाबाने कराची गाठली होती. दिवाण शाहनवाज भुत्तो यांनी स्वतःच भारत सरकारला कारभार हाती घेण्याची विनंती केली आणि ९ नोव्हेंबरला तसे झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये सार्वमत घेतले गेले तेव्हा पाकिस्तानच्या बाजूने मते पडली ९१. लोक कोणाच्या बाजूने आहेत, हे ज्याला पक्के ठाऊक असते, त्याचे सैन्य थोडे असले तरी पुरते.

मग हैदराबादेत हे का घडले नाही? लोक तर इथेही स्वातंत्र्याच्याच बाजूने होते. या गुलमंडीच्या, पैठण गेटच्या, रंगार गल्लीच्या, औरंगपुऱ्याच्या घरांतून त्या वेळी सत्याग्रही निघाले. औरंगपुऱ्यातल्या सरस्वती भुवनने पिढ्यांना स्वत्वाचे शिक्षण दिले. सरहद्दीवर शिबिरे उभी राहिली. तरी निजाम ढिम्म होता, याची कारणे त्याच्या हट्टात जितकी आहेत तितकीच दिल्लीच्या वागण्यातही आहेत.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. त्या व्यवस्थेत सिकंदराबाद आणि बोलारम येथील भारतीय सैन्य काढून घेण्यात आले. म्हणजे जे सैन्य आधीच आत उभे होते, ज्याच्या नुसत्या असण्याने निजामाच्या मनात विचार आला असता, तेच परत बोलावले. त्याच सुमारास निजामाने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज दिले. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक विमानांतून चोरून शस्त्रे आणत राहिला. लातूरचा वकील कासिम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा करू लागला आणि त्याच्या रझाकारांनी खेडोपाडी लुटालूट, जाळपोळ, खून यांचे सत्र आरंभले. दिल्ली निषेधाचे खलिते धाडत होती, नाकेबंदी करत होती, आणि त्याच वेळी नवनवे मसुदेही पाठवत होती. प्रत्येक मसुदा आधीच्यापेक्षा मऊ. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन जाण्यापूर्वीचा शेवटचा मसुदा तर इतका सैल होता की, तो निजामाने नाकारला हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे.

दिल्लीच्या अडचणी खऱ्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. काश्मीरात युद्ध सुरू होते. सरसेनापती ब्रिटिश होते आणि ते हैदराबादच्या कारवाईला अनुकूल नव्हते. मार्च १९४८ मध्ये सरदारांना हृदयविकाराचा झटका आला. पण समोरच्याला तुमच्या अडचणी दिसत नाहीत, तुमची चलबिचल दिसते. निजामाने हिशेब केला की ही सेना येणार नाही. जिने येण्याचा निश्चय केलेला नाही, अशी सेना कितीही मोठी असो, राजकारणात तिची किंमत शून्य असते. जुलैमध्ये सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नानज येथे भारतीय सैन्याने संस्थानी हद्दीतला तुकडा ताब्यात घेतला, तेव्हा प्रथमच काही हालले. परंतु तोवर निजामाच्या राजकारणाचा लगाम रझाकारांच्या हाती गेला होता. स्वतः निजामाला माघार घ्यावीशी वाटली असती, तरी त्याला ती घेता आली असती काय, हा प्रश्नच आहे. धाक दाखवायचा तर समोर धाक समजणारा आणि शब्द देऊन पाळू शकणारा कोणी तरी असावा लागतो.

शेवटी सेना निघाली. तिला नाव दिले गेले पोलीस कारवाई. दाक्षिणात्य मुख्यालयाचे सेनापती राजेंद्रसिंहजी, मुख्य आघाडीवर मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी. शब्द जपून निवडला होता. युद्ध म्हटले असते तर हैदराबाद हे परके राष्ट्र ठरले असते आणि निजामाने सुरक्षा समितीत नेलेल्या तक्रारीला बळ मिळाले असते. सैन्य काय करते याइतकेच त्याला काय म्हणायचे, हेही राजकारणच असते. १४ सप्टेंबरला या शहरावर अनेक दिशांनी तुकड्या चालून आल्या आणि दुपारी नागरी प्रशासनच पुढे येऊन स्वाधीन झाले. जालन्याला मात्र प्रतिकार झाला. म्हणजे या शहरापुरते पाहिले तर १९४८ सालीही सैन्य दिसल्याबरोबर काम झाले. जे १४ सप्टेंबरला एका दुपारी झाले, ते वर्षभर आधी झाले असते तर मराठवाड्यातील किती घरे वाचली असती, याचा हिशेब इतिहास देत नाही.

आणि आणखी एक गोष्ट बोलायला हवी. रझाकारांच्या अत्याचारांची पुस्तके आहेत, स्मारके आहेत. पण कारवाईनंतरच्या दिवसांत उस्मानाबाद, बीदर, नांदेड, गुलबर्गा या जिल्ह्यांत सूडाच्या भरात ज्यांचा रझाकारीशी काही संबंध नव्हता, असेही पुष्कळ मुसलमान नागरिक मारले गेले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली ती यामुळेच. सेना एकदा हलली की, तिच्या मागून काय काय हलेल हे कोणाच्याही हातात राहत नाही. उभ्या सैन्याने काम भागवणे श्रेयस्कर का, याचे हे कारण पराक्रमाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी विसरू नये.

सरदारांनी पुढे निजामाला जे वागवले, ते मात्र थेट अर्थशास्त्रातले. बळाने नमवलेल्या राजाशी कसे वागावे यावर कौटिल्याने स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. शरण आलेल्यांना मारून वा बांधून जो त्यांची भूमी, धन, पुत्र, स्त्रिया यांचा लोभ धरतो, त्याच्याविरुद्ध सारे राजमंडळ धास्तावून उठते, असे तो बजावतो. फेब्रुवारी १९४९ मध्ये सरदार हैदराबादला गेले तेव्हा निजाम स्वतः विमानतळावर स्वागताला आला. १९५० मध्ये तो राजप्रमुख झाला. पाहणाऱ्या इतर संस्थानिकांना जो संदेश जायचा, तो गेला.

हा खेळ आपणच खेळतो, असे नाही. आपल्यावरही खेळला गेला आहे. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याभोवतीचा फास आवळत असताना अमेरिकेने 'एंटरप्राइज' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका आपल्या ताफ्यासह बंगालच्या उपसागरात धाडली. आपली 'विक्रांत' तिच्यापुढे लहान होती. एंटरप्राइजने एकही गोळा डागायचा नव्हता; भारताच्या मनावर दडपण आणावे, एवढाच हेतू. दिल्ली दबली नाही. ऑगस्टमध्ये झालेला सोव्हिएत मैत्री करार पाठीशी होता, सोव्हिएत नौकाही मागोमाग आल्या, आणि १६ डिसेंबरला नियाझीने शरणागतीवर सही केली. त्या वेळी सत्तेवर असलेल्या पक्षाशी आपले मतभेद कितीही असोत, इंदिरा गांधींच्या त्या निर्धाराचे मोल कमी होत नाही. अमेरिकेचा डाव फसला, कारण नौका पाठवताना तिने काय साधायचे आहे हे तिलाच नीट ठरवता आले नव्हते, आणि ती लढणार नाही हे समोरच्याने ओळखले होते.

अमेरिकेने पुढे या सगळ्याचा अभ्यासही केला, हे त्या देशाचे वैशिष्ट्य. १९७८ मध्ये ब्लेकमन आणि कॅप्लन या दोघांनी ब्रुकिंग्ज संस्थेतर्फे एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४६ ते १९७५ या काळात अमेरिकेने युद्ध न करता सैन्याचा राजकीय वापर केल्याचे २१५ प्रसंग त्यांनी तपासले. तात्काळ यश पुष्कळदा मिळते, पण जसजसा काळ जातो तसतसे ते ओसरते, असे त्यांना आढळले. भोपाळची गरज का पडली, याचे उत्तर वॉशिंग्टनमध्ये असे आकड्यांत सापडते.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९८६-८७ च्या हिवाळ्यात जनरल सुंदरजींनी राजस्थानात 'ब्रासस्टॅक्स' हा प्रचंड युद्धसराव केला. पाकिस्तानने घाबरून आपली राखीव दले पुढे सरकवली आणि सराव युद्धात घसरतो की काय, अशी वेळ आली. फेब्रुवारी १९८७ मध्ये समझोता होऊन दले मागे गेली. धाक दाखवताना समोरच्याला काय मागायचे आहे हे सांगितलेच नाही, तर तो सर्वांत वाईट तेच गृहीत धरतो.

'पराक्रम' मोहीम आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि काही दिवसांतच भारताने सारी सेना पश्चिम सीमेवर हलवली. केंद्रात अटलजींचे सरकार होते, राष्ट्रीय विचाराचे सरकार. म्हणूनच त्या मोहिमेविषयी अधिक स्पष्टपणे बोलणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य ठरते. आक्रमक कोअर आपल्या जागी पोहोचायला सुमारे तीन आठवडे लागले. तोवर जगाच्या राजधान्यांतून दूरध्वनी सुरू झाले होते. १२ जानेवारी २००२ रोजी मुशर्रफ यांनी दहशतवादाविरुद्ध बोलणारे भाषण केले. ते भाषण सेनेच्या उभे राहण्याचे फळ होते, यात शंका नाही. तेथेच काही ठोस मागून, ते पदरात पाडून परत फिरता आले असते. तसे झाले नाही. मे महिन्यात कालूचक येथे जवानांच्या बायकामुलांवर हल्ला झाला. पुन्हा युद्धाचे ढग जमले, पुन्हा अमेरिकेने आश्वासने मिळवून दिली. १६ ऑक्टोबर २००२ रोजी सैन्य मागे घेण्याचा निर्णय जाहीर झाला. दहा महिने.

या दहा महिन्यांत युद्ध झाले नाही आणि तरी आपले सुमारे आठशे जवान गेले. सुरुंग पेरताना, सुरुंग काढताना, अपघातांत. सीमेवरच्या शेतकऱ्यांच्या जमिनींत सुरुंग पेरले होते. पंजाब-राजस्थानातली ती शेते त्या वर्षी पडीक राहिली. बाजीरावांनी पालखेडला निजामाला कोंडले तेव्हा पाणी निजामाचे तुटले होते. पराक्रममध्ये उन्हाळाभर वाळवंटात कोरडे पडले ते आपले जवान. वेढा घालणाऱ्याचीच दमछाक होऊ लागली की वेढ्याचा अर्थ उरत नाही. सरकारच्या हेतूविषयी संशय घेण्याचे कारण नाही, पण सैन्य उभे करण्याआधी ते परत केव्हा आणि काय घेऊन आणायचे, हे ठरलेले नव्हते, असेच म्हणावे लागते.

त्यातून सेना शिकली. तुकड्या लहान आणि सीमेजवळ ठेवण्याचा, हालचाल जलद करण्याचा विचार पुढे आला. २०१६, २०१९ आणि २०२५ साली जे घडले त्याची जात वेगळी आहे. तेथे शस्त्र प्रत्यक्ष चालले आणि मग थांबवले गेले. त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. आजच्या विषयाला जवळची उदाहरणे उत्तर सीमेवरची आहेत.

२०१७ साली डोकलाममध्ये चिनी सैन्य भूतानच्या दाव्याच्या पठारावर रस्ता बांधू लागले. भारतीय जवान पुढे जाऊन उभे राहिले. गोळी नाही, आरडाओरड नाही. दिल्लीतून चढा शब्द क्वचितच निघाला, बीजिंगच्या वृत्तपत्रांनी मात्र रोज शेपटावर पाय पडल्यासारखा गिल्ला केला. ७३ दिवसांनी, २८ ऑगस्टला, दोन्ही सैन्ये मागे झाली आणि तो रस्ता त्या जागी पुढे गेला नाही.

२०२० चा प्रसंग अधिक कठीण होता. १५ जूनच्या रात्री गलवानमध्ये कर्नल संतोष बाबू यांच्यासह वीस वीर धारातीर्थी पडले. बोलण्यांच्या फेऱ्यांवर फेऱ्या होत होत्या आणि पँगाँग सरोवराच्या उत्तर काठावरून चिनी मागे हटायला तयार नव्हते. मग २९-३० ऑगस्टच्या रात्री भारतीय तुकड्यांनी सरोवराच्या दक्षिणेकडील कैलास पर्वतरांगेतली शिखरे गाठली. रेझांग ला, रेचिन ला, गुरुंग हिल, मगर हिल. १९६२ साली मेजर शैतानसिंह आणि त्यांच्या कुमाऊँ रेजिमेंटच्या जवानांनी ज्या रेझांग लाजवळ प्राण दिले, तीच ही भूमी. सकाळ झाली तेव्हा खालच्या बाजूचा चिनी तळ मोल्डो आपल्या नजरेखाली होता. बोलण्याच्या टेबलावर तोवर भारताकडे देण्यासारखे काही नव्हते, आता होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये पँगाँगच्या दोन्ही काठांवरून दोन्ही सैन्ये मागे सरकली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ती शिखरे सोडताना देपसांग आणि देमचोकचा प्रश्नही त्याच सौद्यात सोडवून घ्यायला हवा होता, असे काही निवृत्त सेनाधिकारी म्हणतात. हातातले एकमेव पान पँगाँगसाठी खर्च झाले आणि बाकीच्या जागांसाठी पुढे साडेतीन वर्षे थांबावे लागले; तेथील गस्तीविषयी सहमती झाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. दुसरी बाजू अशी की, त्या उंचीवर, उणे तीस अंशांत, दुसरा हिवाळा काढायचा म्हणजे पराक्रमचीच पुनरावृत्ती बर्फात करायची. सुरक्षित परत आणता येते तोवर परत आणावे, हाही हिशेब असतो. मुंगी-शेवगावच्या तहातही सारे मिळाले नव्हते. बाजीरावांवरही त्या काळी दरबारात टीका करणारे होतेच, की निजाम हाती सापडला असता सोडून का दिला?

कार्यकर्त्यांना लोक हाच प्रश्न विचारतात. चौकात, रेल्वेत, लग्नघरी. सैन्य सीमेवर गेले आणि लढाई न करता परत आले की, सरकार घाबरले, असे म्हणणारे लगेच भेटतात. आणि सैन्य जाताच उद्या लाहोर घेणार, असे म्हणणारे त्याआधी भेटलेले असतात. अशा वेळी विचारायच्या गोष्टी सोप्या आहेत. मागितले काय होते? समोरच्याला मागे सरायला वाट ठेवली होती का? आणि तो सरला का? पालखेडच्या माळावर निजामाचे सैन्य सुखरूप निघून गेले, आणि त्याच वेळी चौथाईचे अंमलदार आपापल्या ठाण्यांवर परत बसले, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या आहेत.